कार्बन जळतो तेव्हा

मराठी वाचकाला फ्रेड हॉईल हे नाव माहीत असते ते बहुतेक जयंत नारळीकरांमुळे. नारळीकर केंब्रिजमध्ये त्यांचे विद्यार्थी होते. १९६४ साली दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्यामुळे हॉईल म्हटले की आपल्याला स्थिर विश्वाची कल्पना आणि महास्फोटाला विरोध एवढेच आठवते. एक मोठा वाद घालून तो हरलेला माणूस, अशी ती प्रतिमा. मला मात्र त्यांचे १९५४ सालचे एक काम या वादापेक्षा मोलाचे वाटते.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट प्रसिद्ध आहे. ताऱ्याच्या पोटात हेलियमची तीन अणुकेंद्रे एकत्र येऊन कार्बन तयार होतो. पण विश्वात कार्बन इतका मुबलक कसा? कार्बनच्या केंद्रकात एका ठरावीक ऊर्जेची पातळी असलीच पाहिजे, असे हॉईल यांनी कॅलटेकमधल्या शास्त्रज्ञांना १९५३ साली सांगितले. वॉर्ड व्हेलिंग यांच्या गटाने प्रयोग केला आणि ती पातळी सापडली. भाकीत केले, ते खरे ठरले. अशी गोष्ट लोकांच्या लक्षात राहते.

पुढच्या वर्षीच्या लेखात हॉईल यांनी विचारले, की या कार्बनचे पुढे काय होते? शास्त्रज्ञ त्याला कार्बनचे ‘ज्वलन’ म्हणतात, पण ते शेगडीतल्या कोळशासारखे नव्हे. शेगडीत कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग होतो, केंद्रक जसेच्या तसे राहते. ताऱ्यात कार्बनची दोन केंद्रकेच एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून निऑन, सोडियम, मॅग्नेशियम तयार होतात. त्यासाठी गाभ्याचे तापमान ६० ते ८० कोटी अंशांवर जावे लागते आणि तारा सूर्याच्या किमान आठपट वजनाचा असावा लागतो. पुढच्या काळातल्या गणितांनुसार सूर्याच्या पंचवीसपट ताऱ्याला हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षे पुरतो. कार्बन जेमतेम सहाशे वर्षे. तोवर गाभ्यातली बहुतेक ऊर्जा न्यूट्रिनो परस्पर बाहेर घेऊन जाऊ लागतात, म्हणून तारा इंधन झपाट्याने संपवतो.

कार्बनपासून निकेलपर्यंतचा हा सगळा जिना हॉईल यांनी एकट्याने, एका लेखात मांडला. तरीही तो मागे पडला. १९५७ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉईल या चौघांचा मूलद्रव्यांच्या जन्मावरचा मोठा लेख आला आणि पुढे सगळे त्याचाच दाखला देऊ लागले. १९८३ च्या नोबेलमध्ये चंद्रशेखर यांच्यासोबत फाउलर यांचे नाव होते, हॉईल यांचे नव्हते. खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लेटन यांनी २००७ साली ‘सायन्स’मध्ये या विस्मरणाची चिकित्सा केली. त्यांच्या मते, चौघांच्या लेखात १९५४ चे काम नीट उतरलेच नव्हते; शिवाय हॉईल यांनी मूळ कल्पना समीकरणात न मांडता शब्दांत सांगितली होती.

हे दुसरे कारण मला अस्वस्थ करते. समीकरण असते तर त्याला हॉईल यांचे नाव चिकटले असते आणि पाठ्यपुस्तकांतून ते पुढच्या पिढ्यांपर्यंत गेले असते. गद्यात सांगितलेला विचार मात्र सगळ्यांचा होतो आणि सांगणाऱ्याचे नाव मागे राहते. लोककथेचेही असेच होते. पण तिथे आपण त्याला परंपरा म्हणतो, विज्ञानात तो अन्याय ठरतो.

आपल्या शरीरातला कार्बन हा ताऱ्यांत जळायचा राहून गेलेला कार्बन आहे. जो जळला, त्यातून मिठातले बरेचसे सोडियम आणि पानांच्या हिरव्या रंगातले मॅग्नेशियम आले. हा हिशेब ज्याने आधी लिहून ठेवला, त्याला मराठीत तरी केवळ हरलेल्या वादासाठी ओळखले जाऊ नये, असे मला वाटते.