एलिफंट बेटावरील तीन रिळे

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाजवळ एलिफंट बेट आहे. समुद्रातून सरळ वर चढलेले काळे कडे, त्यांच्यामधून उतरणाऱ्या हिमनद्या आणि पाऊस, ओले हिम व धुके यांचे आळीपाळीने चालणारे राज्य, असा हा किनारा. एप्रिल १९१६ मध्ये अठ्ठावीस माणसे तीन होड्यांतून येथे येऊन लागली. त्यांत फ्रँक हर्ली हा ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार होता.

शॅकल्टनच्या मोहिमेचे ‘एन्ड्युअरन्स’ हे जहाज जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात अडकले व त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बुडाले. भंगलेल्या जहाजात बर्फाळ पाणी शिरले असता हर्लीने त्यात उतरून आपल्या काचेच्या निगेटिव्हचे डबे वर काढले. पण पुढील प्रवासात ओझे परवडणारे नव्हते. बर्फावर बसून त्याने व शॅकल्टनने सुमारे १२० काचा निवडल्या. उरलेल्या सुमारे ४०० तेथेच फोडून टाकल्या, कारण त्या शाबूत राहिल्या असत्या तर पुन्हा मोह झाला असता. मोठे कॅमेरेही सोडावे लागले. खिशात मावणारा एक कोडॅक आणि फिल्मची तीन रिळे, एवढेच साहित्य शिल्लक उरले.

या तीन रिळांवर त्या किनाऱ्याचे चित्रण झाले. त्या काळची फिल्म मंद असे, तिला भरपूर उजेड लागे. आणि येथे आकाश नेहमी झाकोळलेले, हिवाळ्याचे दिवसही अगदी तोकडे. एकेक चित्र मोजून खर्चावे लागे. होड्या ओढून किनाऱ्यावर घेणारी माणसे, प्रथमच भूमीवर घेतलेले ऊन पेय, उपड्या घातलेल्या दोन होड्यांखालचे निवासस्थान, असे प्रसंग त्याने टिपले.

२४ एप्रिलला शॅकल्टन पाच सोबत्यांसह ‘जेम्स केअर्ड’ या होडीतून निघाला. सुमारे ८०० सागरी मैलांवरील दक्षिण जॉर्जिया बेट गाठून मदत आणावयाची होती. तेव्हा हर्लीने घेतलेल्या एका चित्रात किनाऱ्यावर निरोप देणारी माणसे, ती मोठी होडी आणि तिच्याकडे सामान पोचविणारी लहान होडी दिसत होती. मागे राहिलेल्या बावीस जणांनी फ्रँक वाइल्डच्या नेतृत्वाखाली पेंग्विन व सील यांच्या मांसावर चार महिन्यांहून अधिक काळ काढला. तेथेच पर्सी ब्लॅकबरो या तरुणाच्या हिमदंशाने सडलेल्या पायाची बोटे कापावी लागली. अखेर ३० ऑगस्ट रोजी चिलीचे ‘येल्चो’ हे जहाज लुइस पार्डोच्या हाताखाली आले. त्याआधीचे तीन प्रयत्न फसले होते. तासाभरात सर्व जण जहाजावर चढले.

पुढे तेच निरोपाचे छायाचित्र सुटकेचे म्हणून प्रसिद्ध झाले! निगेटिव्हवरील मोठी होडी खरवडून टाकण्यात आली आणि उरलेली लहान होडी मदत घेऊन येणारी ठरली. हर्लीला जोडचित्रांचा मोह होताच. महायुद्धातील अशाच चित्रांवरून १९१७ साली चार्ल्स बीन या युद्धवृत्तलेखकाशी त्याचा कडाक्याचा वाद झाला होता. युद्धाचे खरे दर्शन एका चित्रात मावत नाही, अशी त्याची बाजू होती. बीनला मात्र इतिहासाच्या पुराव्यात असा हस्तक्षेप मान्य नव्हता.

हर्लीच्या बाजूत तथ्य नाही असे नाही. पण एलिफंट बेटाच्या बाबतीत त्या फेरफाराने गमावले ते अधिक मोलाचे होते. सुटकेच्या आनंदात हात हलवणे कोणालाही साधते. ज्या होडीवर आपला जीव अवलंबून आहे, ती परतेल की नाही हे ठाऊक नसताना तिला हात हलवून निरोप देणे, हे त्या किनाऱ्यावरील खरे धैर्य होते. कॅमेऱ्याने ते पाहिले होते. खरवडण्याने ते पुसले गेले. निगेटिव्हवरचे ओरखडे मात्र राहिले, म्हणूनच आज त्या चित्राची मूळ कथा सांगता येते.