टॅपेटची फट आणि ज्ञानाची मालकी



इतिहास म्हटला की गड, तह आणि राजवाडे डोळ्यांपुढे उभे राहतात. मी आज सांगणार आहे तो इतिहास इंचाच्या हजार भागांपैकी बारा भागांत मावतो. एका इंग्रजी स्पोर्ट्स मोटारीच्या इंजिनात रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये तेवढी फट ठेवावी लागते. त्या फटीचा, आणि ती कोणी बसवावी या हक्काचा, हा इतिहास आहे.

१९५८ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट ही दोन आसनी मोटार बाजारात आली. ती इंग्लंडात ॲबिंग्डन येथे बांधली जाई. पहिल्या नमुन्याचे दिवे बॉनेटवर उठून दिसत, म्हणून लोक तिला कौतुकाने फ्रॉगआय, म्हणजे बेडूकडोळी, म्हणत. डौल स्पोर्ट्स गाडीचा असला, तरी ९४८ घन सेंटिमीटरचे तिचे इंजिन मात्र १९५१ साली ऑस्टिनच्या साध्या घरगुती गाडीत आलेल्या इंजिनाच्या घराण्यातले होते. आपल्या ॲम्बॅसिडरमध्ये अनेक वर्षे बसविलेले १,४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्याच दुसऱ्या, थोरल्या घराण्यातले; रचना तीच. ॲम्बॅसिडरखाली हात काळे केलेल्या माणसाला स्प्राइट परकी वाटण्याचे कारण नाही.

काम तसे सोपे आहे. इंजिन थंड असावे. प्लग काढले म्हणजे ते हाताने सहज फिरते. वरचे झाकण उचलले की आठ व्हॉल्व्ह ओळीने दिसतात. त्यांना पुढून क्रमांक द्यावयाचे आणि नवाचा हिशेब लक्षात ठेवावयाचा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिला तपासावा, सहावा दाबला गेला की तिसरा, चौथा दाबला गेला की पाचवा. बेरीज नेहमी नऊ. बारा हजारांशाची, म्हणजे सुमारे ०.३० मिलिमीटरची, फिलर गेजची पाती फटीत सरकवावी. ती किंचित अडखळत सरकली पाहिजे. न जमल्यास लॉकनट सैल करून स्क्रू फिरवावा, स्क्रू धरूनच नट आवळावा आणि पुन्हा मोजावे. कारण आवळताना माप हलते.

फट कशासाठी? लोखंड तापले की वाढते. त्या वाढीला जागा न ठेवल्यास व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता त्या बैठकीलाच देत असतो; टेकणे थांबले की तो जळतो. फट अधिक झाली तर इंजिन टकटक करते, सर्वांना ऐकू जाते. फट नाहीशी झाली तर मात्र ते शांत असते. घात होतो तो शांततेत.

हे मी पुस्तकात वाचण्यापूर्वी नुकसान करून शिकलो. १९८६ च्या सुमारास शाळा सोडून मी एका गॅरेजात लागलो होतो. टॅपेट बसविण्याची वेळ आली की उस्ताद आम्हां पोरांना पाणी आणावयास पिटाळी. मी चोरून पाहिले. परंतु चोरून पाहिलेली विद्या अर्धीच असते. एका टूरिस्ट ड्रायव्हरच्या ॲम्बॅसिडरची टकटक मी स्क्रू आवळून बंद केली. त्याने खूष होऊन मला चहा पाजला. काही आठवड्यांनी एक व्हॉल्व्ह जळाला, हेड उतरवावे लागले आणि त्या कुटुंबवत्सल माणसाची चार दिवसांची कमाई बुडाली. चूक माझी होती. पण केवळ माझीच होती काय?

आता एडनकडे वळू. १८३९ पासून जवळजवळ शंभर वर्षे या बंदराचा कारभार मुंबई इलाख्याशी जोडलेला होता. १९६५ साली तेथे ब्रिटिश वायुदलात जॉन हेन्स नावाचा, सिलोनात जन्मलेला, एक तरुण अधिकारी होता. त्याच्या मित्राने मोडकळीस आलेली स्प्राइट विकत घेतली. कंपनीची पुस्तिका सामान्य मालकाच्या उपयोगाची नाही, हे हेन्सच्या ध्यानात आले. त्या दोघांनी इंजिन उलगडले, पुन्हा जोडले आणि पायरीपायरीची छायाचित्रे घेतली. १९६६ साली त्याचे पुस्तक निघाले. पहिल्या ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. उस्तादाची पाठ ज्या क्षणी आमच्याकडे वळे, नेमका तोच क्षण त्याने छापून टाकला होता.

यावर कामगार बांधव मला विचारतात: मालकच घरी टॅपेट बसवू लागला तर आमच्या भाकरीचे काय? ही भीती खोटी नाही. तथापि माझा अनुभव असा, की ज्याने स्वतः एकदा आठ स्क्रू फिरविले, तो मेकॅनिकच्या मजुरीवरून घासाघीस करताना थोडा थबकतो. झाकलेली विद्या उस्तादाला चार दिवस पोसते. शिकाऊ पोराला आणि गिऱ्हाइकाला मात्र ती बुडविते.

ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद झाला. तेथील कामगारांची कला इमारतीबरोबर संपावयास हवी होती. परंतु त्यांनी बांधलेल्या कितीतरी गाड्या आज लोकांच्या घरच्या पडवीत, हाताने बसविलेल्या फटींवर, चालत आहेत. आजच्या पुष्कळ इंजिनांत तेलाच्या दाबाने ही फट आपोआप सांभाळली जाते. स्क्रू नाही, पातीही नाही.

युनियनच्या कामात मी अनेक व्यवस्थापकांसमोर बसलो. "आमच्याकडे कसलीच कुरकूर नाही," असे कोणी अभिमानाने सांगितले की मला तो चहा आठवतो. मग मी आवाजाविषयी विचारीत नाही. जागा किती ठेवली आहे, एवढेच विचारतो.