मशेरी लावली की दात साफ होतात का? लहानपणापासून म्हातारपणापर्यंत दातांची काळजी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, नसरापूरजवळ, भोर तालुक्यातलं कामथडी हे गाव लागतं. महामार्गालगतच्या अशा कुठल्याही गावातल्या किराणा दुकानात आज टूथपेस्टच्या पाच-सहा तऱ्हा टांगलेल्या दिसतात. शेजारीच तंबाखूही मिळते. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात या तंबाखूचा एक उपयोग थेट दातांशी जोडलेला आहे. तो म्हणजे मशेरी.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरून ठेवायची आणि सकाळी बोटानं दातांना, हिरड्यांना लावायची. कुणी तिला मिसरी म्हणतं, कुणी मिश्री. चारचौघांत विडी ओढणं किंवा तंबाखूचा बार भरणं ज्या बायांना कधी शोभलं नसतं, त्यांच्यासाठी मशेरी हे व्यसन नव्हतंच. ते दात घासणं होतं. गोम नेमकी इथेच आहे.

पुणे जिल्ह्यातल्या १ लाख तोंडांची तपासणी

मशेरीचा प्रश्न किती मोठा आहे हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं ते पुणे जिल्ह्यातच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतसंशोधक डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या खेड्यांत घरोघर जाऊन १ लाख १ हजार ७६१ लोकांची तोंडं तपासली. हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मशेरी लावणाऱ्या बायकांचं प्रमाण शंभरात सुमारे ३९ निघालं. पुरुषांत ते शंभरात एकसुद्धा नव्हतं. तोंडाच्या कॅन्सरवर भारतात झालेल्या सुरुवातीच्या मोठ्या पाहण्यांपैकी ही एक.

पुढे १९९२ मध्ये केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी आणली. बंदी कंपन्यांच्या मालाला लागू झाली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत कायद्याचा हात पोचणार कसा? महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावरही बंदी आहे, तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. म्हणजे जवळपास दर चौघांत एक.

मशेरीचा फटका तोंडापुरता नसतो. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूरविरहित तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं.

मग बरं का वाटतं?

मशेरी लावणाऱ्या बाईला विचारलं तर ती सांगेल की दाढेचा ठणका थांबतो, तोंड स्वच्छ वाटतं, पोट साफ होतं. ती खोटं बोलत नसते. भाजलेली भुकटी खरखरीत असल्यामुळे दातांवरचा चिकट थर थोडा निघतो. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, त्यानं तरतरी येते आणि आतड्यांची हालचालही वाढते. पण निकोटिनचा अंमल उतरला की पुन्हा बोट डबीकडे वळतं. सकाळी एकदा लावायची ती दुपारी, मग संध्याकाळी, मग झोपतानाही. आता हे दात घासणं उरलेलं नसतं.

शिवाय दाढ दुखते म्हणून मशेरी लावली तर कीड तिथेच राहते आणि आत शिरत जाते. दुखणं तात्पुरतं दबलं की दवाखान्याची वारी सहा महिने पुढे ढकलली जाते. दाताच्या बाबतीत सहा महिने म्हणजे चांदी किंवा सिमेंट भरून भागणारं काम दाढ उपटण्यापर्यंत जाणं.

दात किडतो, पण किडा नसतो

मराठीत दाताला ‘कीड लागते’, म्हणून आत किडा असावा असं सहज वाटतं. जत्रेत, बाजारात धुरी देऊन दातातला किडा काढून दाखवणारे याच समजावर जगले. प्रत्यक्षात दातात किडा नसतो. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ अन्न खाऊन आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातून, म्हणजे एनॅमलमधून, खनिजं ओढून घेतं. लाळ ती खनिजं हळूहळू परत भरते. ही देवाणघेवाण दिवसभर चालू असते. आम्ल जिंकत गेलं की खड्डा पडतो. एनॅमल शरीर पुन्हा बनवू शकत नाही, त्यामुळे पडलेला खड्डा आपोआप भरत नाही.

एनॅमलला नस नसते, म्हणून कीड तिथे असेपर्यंत काहीच दुखत नाही. त्याखालच्या थरात गेली की गार-गरम झोंबतं. आतल्या नसेपर्यंत पोचली की रात्रीची झोप जाते. ‘दुखत नाही, म्हणजे दात चांगला’ हा हिशेब या एका कारणानं चुकतो.

साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली याला जास्त महत्त्व आहे. एकदा गोड खाल्लं की लाळेला तोंड पूर्वपदावर आणायला साधारण अर्धा तास किंवा जास्त लागतो. सकाळचा चहा, न्याहारीनंतरचा चहा, पाहुण्यांबरोबरचा, संध्याकाळचा, आणि प्रत्येकाबरोबर पाच रुपयांच्या पुड्यातली दोन बिस्किटं, असं झालं तर लाळेला सवडच मिळत नाही. सणाला जेवणाबरोबर दोन पुरणपोळ्या खाल्ल्यानं त्या मानानं कमी बिघडतं. बिस्किटाचा लगदा दाढांच्या खाचांत चिकटून बसतो हे वेगळंच.

घासायचं कसं

दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, मऊ ब्रशनं. दोन्हींपैकी रात्रीचं घासणं जास्त मोलाचं, आणि नेमकं तेच बहुतेक घरांत होत नाही. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्री तोंडात राहिलेल्या अन्नावर जंतूंना मोकळं रान मिळतं.

ब्रश हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे तिरका धरून हलक्या हातानं फिरवावा. भांडी घासल्यासारखा जोर लावला तर हिरड्या मागे सरकतात आणि दातांच्या मुळाशी खाचा पडतात. घासून झाल्यावर पेस्ट थुंकून टाकावी, पण खळखळून चुळा भरू नयेत. थोडं फ्लोराइड दातांवर राहिलं तर ते काम करत राहतं. ब्रशचे केस फाकले की, किंवा तीनेक महिन्यांनी, तो बदलावा.

पेस्ट कुठल्या रंगाची, कुठल्या वनस्पतीची यानं फारसा फरक पडत नाही. खोक्यावर फ्लोराइड लिहिलं आहे का, एवढं बघावं. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचं प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त १००० भाग ठेवायला परवानगी आहे. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये ते नसतं. मात्र यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे आणि लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. तिथे मुलांच्या पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारलेलं बरं.

बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी? नीट चावून मऊ कुंचा केला आणि सगळीकडे फिरवली तर थर निघतो. तिच्यात फ्लोराइड नसतं आणि आतल्या बाजूनं ती पोचत नाही, पण मशेरीच्या तुलनेत ती कितीतरी बरी. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी मात्र नको. त्यांनी दात पांढरे दिसतात ते एनॅमल खरवडलं गेल्यामुळे.

सहाव्या वर्षी येणारी दाढ

दुधाचे दात वीस. ते साधारण सहाव्या महिन्यापासून यायला लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत पुरे होतात. पहिला दात दिसला की घासायला सुरुवात करावी. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, नंतर वाटाण्याएवढी. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत त्याच्या हातात ब्रश दिला तरी शेवटचा हात मोठ्यांनी फिरवावा. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेल्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी किडतात.

‘दुधाचे दात, पडायचेच आहेत’ असं म्हणून घरोघर दुर्लक्ष होतं. त्या दातांनी खालच्या पक्क्या दातांची जागा राखलेली असते. किडून लवकर काढावे लागले तर शेजारचे सरकतात आणि पुढचे वाकडे येतात.

याहून मोठी फसगत सहाव्या वर्षी होते. त्या सुमाराला तोंडात सगळ्यात मागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं आईवडिलांना कळतही नाही. दुधाचीच असेल असं समजून ती किडू दिली जाते. पुढची साठ वर्षं भाकरी चावायची ती याच चार दाढांवर, आणि सगळ्यात जास्त किडतात त्याही याच. नव्या दाढेच्या खाचा पातळ सिमेंटसारख्या पदार्थानं बुजवता येतात. त्याला सीलंट म्हणतात. दुखत नाही, सुई नाही, काही मिनिटांचं काम.

गरोदरपणात हिरड्या सुजून रक्त येतं ते हार्मोन्समुळे. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढतं हा समज चुकीचा आहे. रक्त येतं म्हणून घासणं थांबवलं तर सूज वाढते. गरोदरपणात दातांवर उपचार घेता येतात. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा.

चाळिशीनंतर किडीपेक्षा हिरड्यांचा आजार जास्त दात घालवतो. दातांवरचा थर न निघाल्यानं त्याचं दगडासारखं कीटण होतं, हिरडी सुटते, खालचं हाड झिजतं आणि शाबूत दात हलायला लागतो. मधुमेह असेल तर हे लवकर होतं, आणि हिरड्या खराब असतील तर साखर आटोक्यात यायला त्रास होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून त्यांना आजार उशिरा कळतो.

ऐकीव गोष्टी

‘दात साफ करून घेतले की हलायला लागतात.’ कीटण काढल्यावर दात हलताना जाणवतो, कारण आधी त्याला कीटणानंच धरून ठेवलेलं असतं. हाड त्यापूर्वीच झिजलेलं असतं.

‘वरची दाढ काढली की डोळा जातो.’ वरच्या दाढेच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत. या भीतीनं कुजलेली दाढ तशीच ठेवणं जास्त धोक्याचं. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी सूज उतरते, पण दातातला पू तयार होण्याचं कारण तसंच राहतं. दुखऱ्या दाढेशी गोळी दाबून ठेवली तर हिरडी भाजते.

खेळताना किंवा गाडीवरून पडून पक्का दात मुळासकट निघाला तर तो मुळाला हात न लावता उचलावा, दुधात टाकावा आणि तासाभरात डॉक्टरांकडे पोचावं. तो पुन्हा बसू शकतो.

कुठे दाखवायचं

गावच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासणी होते, तीत दातही बघतात. तिशीपुढच्यांची तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आशाताईंना विचारलं तर दिवस कळतो. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे. कामथडीकडून पुण्याला जाताना कात्रज ओलांडल्यावर धनकवडीत भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय लागतं. दंत महाविद्यालयांत शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो.

मशेरी, तंबाखू किंवा सुपारीची सवय असलेल्यांनी महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून ओठ उलटा करून, गालाच्या आत आणि जिभेखाली बघावं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, तिखट न सोसणं, किंवा उभी तीन बोटं तोंडात न मावणं, यातलं काहीही दिसलं तर दुखण्याची वाट बघू नये. पांढरे चट्टे सुरुवातीला दुखत नाहीत. तंबाखू सोडल्यावर असे अनेक चट्टे कमी होतात, हेही भारतातल्याच खेड्यांत झालेल्या दीर्घ अभ्यासांत दिसलेलं आहे.

मशेरी सोडताना पहिले दोन-तीन आठवडे कठीण जातात. चिडचिड होते, पोट साफ होत नाही. कोमट पाणी, भाज्या आणि वेळेवर जेवण यांनी पोट पुन्हा वळणावर येतं. हाताला बोट फिरवायची सवय असते, म्हणून त्याच वेळी त्याच जागी बसून ब्रश आणि पेस्ट वापरली तर काहींना सोपं जातं. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे : १८०० ११ २३५६. तंबाखूच्या पाकिटावरही हाच नंबर छापलेला असतो.