डोमेन एक्स्पायर झालं म्हणजे लगेच मिळतं का?

समजा, नातेपुत्यात तुमचं दुकान आहे. हवं असलेलं डॉट कॉम नाव दुसऱ्याकडे होतं आणि त्याची मुदत कालच संपली. आज ते घेता येईल? सहसा नाही.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. १ ते १० वर्षांसाठी नोंदवता येतं. मुदत संपली की डॉट कॉमचे टप्पे असे:

१. ग्रेस पिरियड: जास्तीत जास्त ४५ दिवस. जुना मालक रिन्यू करू शकतो. याच काळात अनेक रजिस्ट्रार नावाचा लिलावही करतात.
२. रिडेम्प्शन: ३० दिवस. मालकाला नाव परत मिळतं, पण जादा पैसे भरून.
३. पेंडिंग डिलीट: ५ दिवस. आता मालकालाही काही करता येत नाही.

मग नाव मोकळं होतं. पण चांगल्या नावावर बॉट्स टपलेले असतात, ते सेकंदात उचलतात. म्हणून आधीच बॅकऑर्डर लावा. आयकॅन लुकअपवर नावाचं स्टेटस फुकट दिसतं.

दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव मात्र घेऊ नका. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफशी मिळतंजुळतं ‘रॅडिफ’ डोमेन वापरायला मनाई केली होती.

आणि स्वतःचं डोमेन सोडताना जपून! नवा मालक त्याच नावाचे ईमेल सुरू करू शकतो. मग तुमच्या बँकेच्या किंवा सोशल मीडियाच्या पासवर्ड रिसेटची लिंक त्याच्याकडे जाईल. आधी सगळीकडचा ईमेल बदला, मगच डोमेन सोडा.