सभागृहातलं उत्तर, घरातली वाट

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात 'प्रश्नोत्तराचा तास' हा विषय अर्ध्या पानात संपायचा. तारांकित प्रश्न म्हणजे तोंडी उत्तर, अतारांकित म्हणजे लेखी उत्तर, तारांकित प्रश्नावर उपप्रश्न विचारता येतात, झालं! मुलं पाठ करायची, दोन गुण मिळवायची आणि विसरून जायची. त्यांना दोष कसा देणार? त्या अर्ध्या पानात माणूस कुठे दिसतच नव्हता.

निवृत्तीनंतर मला संसदेतली उत्तरं वाचायचा नाद लागला. घरचे हसतात. "काय आई, आज कुठल्या मंत्र्याला पकडलंस?" म्हणून लेक फोनवर चेष्टा करते. त्यातही मी वाचते ती परराष्ट्र खात्याची उत्तरं. कारण सरळ आहे. शेतीमंत्र्यांचं उत्तर पटलं नाही तर शेतकरी इथेच असतो, तो मोर्चा काढतो. परदेशात अडकलेला माणूस मोर्चा काढू शकत नाही. त्याच्या घरच्यांनी मुंबईत किंवा जालंधरला कितीही आकांत केला तरी तो तिथल्या तुरुंगापर्यंत पोचत नाही. त्याच्या वतीनं कुणीतरी उभं राहून "त्याचं काय झालं?" असं विचारावं आणि मंत्र्याला उत्तर द्यावंच लागावं, अशी जागा म्हणजे हे सभागृह.

ही जागा आपल्याला आयती मिळालेली नाही. २५ फेब्रुवारी १९१० ला कलकत्त्यात, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात, नामदार गोखल्यांनी एक ठराव मांडला. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात करारानं मजूर पाठवणं बंद करा, असा. 'ॲग्रीमेंट'चं बोलीभाषेत 'गिरमिट' झालं आणि त्या कागदावर अंगठा उठवून गेलेले ते गिरमिटिये. ऊसमळ्यांवर राबायचं, वर करार संपवून तिथेच राहिलं तर डोईवर तीन पौंडांचा कर! फर्ग्युसन कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलेला हा मास्तर माणूस आकडे आणि कायद्याची कलमं घेऊन उभा राहिला. सरकारनं तो ठराव स्वीकारला आणि १९११ च्या जुलैपासून नाताळची मजूरभरती बंद झाली. मार्च १९१२ मध्ये गोखल्यांनी पुढचं पाऊल टाकलं, ही गिरमिट पद्धतच मुळासकट रद्द करा म्हणून. तो ठराव मात्र सरकारी बहुमतानं पडला. पुढे १९१६ मध्ये मालवीयांनी तोच विषय पुन्हा मांडला तेव्हा सरकारला मान तुकवावी लागली. गोखले आदल्या वर्षीच गेले होते.

एक गोष्ट लक्षात घ्या. त्या कौन्सिलात परक्या राष्ट्रांशी असलेल्या संबंधांवर चर्चा करायला मुळी बंदी होती. दक्षिण आफ्रिका ब्रिटिश साम्राज्यातली म्हणून गोखल्यांना बोलता तरी आलं. ज्याला धरून जाब विचारावा असा परराष्ट्रमंत्री आपल्याकडे नव्हताच.

तो मिळाला १९४७ ला. नेहरू पंतप्रधान होते आणि शेवटपर्यंत, म्हणजे १९६४ पर्यंत, परराष्ट्रमंत्रीही तेच. त्या काळातलं आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. १९५५ साली सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्यात शिरल्या. सेनापती बापट, नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये ही नावं तुम्हाला माहीत आहेतच. पोर्तुगीजांनी दहा-दहा, बारा-बारा वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या. आग्वादच्या किल्ल्यात जे कोंडले गेले त्यांत त्रिदिब चौधरी हे बंगालचे खासदारसुद्धा होते. म्हणजे ज्यानं प्रश्न विचारायचा तोच आत!

पेच पाहा कसा होता. गोवा हा भारताचाच भाग आहे असं आपण म्हणत होतो, त्यामुळे हे लोक 'परदेशात' नव्हते. पण तुरुंगाची किल्ली लिस्बनच्या हाती, म्हणून विषय परराष्ट्र खात्याचा. त्यात १९५५ मध्ये पोर्तुगालशी संबंध तुटलेले, पणजीतली आपली कचेरी बंद. मग कैद्यांची विचारपूस कुणी करायची? ते काम इजिप्तकडे सोपवलेलं होतं. अशा वेळी मंत्र्याच्या उत्तरात काय असणार? तब्येतीची खबर, पत्रं पोचतात की नाही, सुटकेसाठी कुणामार्फत बोलणं चाललंय. साध्याच गोष्टी. पण घरच्यांना तेवढ्याच हव्या असतात. फेब्रुवारी १९५७ मध्ये बरेच जण सुटले आणि नानासाहेब त्याच वर्षी पुण्यातून लोकसभेवर निवडून गेले.

असो. हा झाला जुना इतिहास. ज्या प्रकरणानं मला खरोखर अस्वस्थ केलं ते अलीकडचं आहे, मोसुलचं.

जून २०१४. इराकमधलं मोसुल शहर 'इसिस'च्या ताब्यात गेलं आणि तिथे बांधकामावर असलेले चाळीस भारतीय मजूर पळवले गेले. त्यातला एक तरुण निसटला. बाकीच्यांना गोळ्या घातल्या, असं तो सांगत होता. उरलेले एकोणचाळीस. पंजाबचे २७, बिहारचे ६, हिमाचलचे ४ आणि बंगालचे २. त्याच सुमारास ४६ भारतीय नर्स इराकमधून सुखरूप परत आल्या, त्यामुळे आशा ठेवायला जागा होती.

सुषमा स्वराज नुकत्याच परराष्ट्रमंत्री झाल्या होत्या. संसदेत पुन्हा पुन्हा हा प्रश्न आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी सांगितलं, की माणसं जिवंत असल्याचं निरनिराळ्या सूत्रांकडून कळलं आहे, पण आमचा थेट संपर्क नाही. निसटून आलेल्या तरुणाचं म्हणणं त्यांनी मान्य केलं नाही. जुलै २०१७ मध्ये मोसुल मुक्त झालं, त्यानंतर लोकसभेत त्या म्हणाल्या, की पुरावा नसताना कुणाला मृत घोषित करणं हे पाप आहे आणि ते मी करणार नाही.

२० मार्च २०१८ ला त्या राज्यसभेत उभ्या राहिल्या आणि एकोणचाळीसही जण मरण पावल्याचं सांगितलं. बदूश गावाजवळच्या टेकाडाखाली रडारनं शोध घेतला, मृतदेह उकरून काढले. लांब केस, हातातलं कडं, ओळखपत्रं अशा खुणा सापडल्या. नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने आधीच नेलेले होते, ३८ जणांचे जुळले, एकाचे अंशतः. त्याच दिवशी लोकसभेत निवेदन करायला त्या गेल्या, तर तिथे गोंधळ! निवेदन ऐकूनच घेतलं गेलं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला ३८ पेट्या अमृतसरला उतरल्या.

तिकडे गावागावांत घरच्यांना ही बातमी टीव्हीवरून कळली. चार वर्षं मंत्र्यांना भेटत होतो, आम्हाला आधी का नाही सांगितलं? असा त्यांचा संताप होता. स्वराजबाईंचं म्हणणं असं, की अधिवेशन चालू असताना सभागृहाला आधी सांगणं हे माझं कर्तव्य.

मंडळी, यावर मी खूप विचार केला. संसदीय नियमानं बाईंचं बरोबर होतं. पण ज्या बाईनं चार वर्षं कुंकू लावावं की पुसावं हे न कळून काढली, तिच्या दृष्टीनं सभागृह कोण? मला वाटतं, नियम सांभाळूनही माणुसकी सांभाळता आली असती. मंत्री सभागृहात बोलायला उभे राहतात त्याच क्षणी गावचा तहसीलदार किंवा एखादी शिक्षिका त्या घराच्या ओट्यावर जाऊन बसू शकते. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

आणि दुसरा मुद्दा, 'पुराव्याशिवाय मृत म्हणणार नाही' हा. काहींनी त्याला खोटी आशा म्हटलं. मी तसं म्हणणार नाही. पुरावा नसताना फाईल बंद झाली असती तर त्या टेकाडाखाली खणायला कोण गेलं असतं? अस्थी तरी मिळाल्या त्या फाईल उघडी राहिली म्हणूनच. पण 'मृत असल्याचा पुरावा नाही' हे वाक्य एक आहे आणि 'जिवंत असल्याचं कळलं आहे' हे वाक्य अगदी वेगळं आहे. पहिल्यात प्रामाणिकपणा आहे. दुसऱ्यात आशा आहे, आणि सभागृहात मंत्र्यानं उच्चारलेली आशा घरी पोचेपर्यंत वचन होऊन बसते. व्याकरण शिकवताना वाक्याचा अर्थ बदलला की गुण कापायचे. इथे अर्थ बदलला की कुणाची तरी चार वर्षं जातात.

याच स्वराजबाईंचं आणखी एक निवेदन मी विसरू शकत नाही. कुलभूषण जाधवांना पाकिस्ताननं १० एप्रिल २०१७ ला फाशी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोन्ही सभागृहांत निवेदन केलं. त्याआधी वकिलातीतर्फे भेट मिळावी म्हणून भारतानं तेरा वेळा मागणी केलेली होती. २५ डिसेंबरला त्यांच्या आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटल्या, मध्ये काच, बोलायला इंटरकॉम. २८ डिसेंबरला राज्यसभेत बाईंनी त्या भेटीची हकिगत सांगितली. दोघींच्या बांगड्या, टिकल्या, मंगळसूत्रं काढायला लावली. नेहमी साडी नेसणाऱ्या आईला कपडे बदलायला लावले. आईला मराठीत बोलू दिलं नाही, तरी ती बोलत राहिली तेव्हा इंटरकॉम बंद केला. आणि आईचा मोकळा गळा पाहून मुलानं पहिला प्रश्न विचारला तो बाबांबद्दल, बाबा कसे आहेत?

हे सगळं संसदेच्या कामकाजात छापलं गेलं आहे. आईला आपल्या भाषेत लेकाशी बोलू दिलं नाही, ही गोष्ट आता कुणाला नाकारता यायची नाही. १७ जुलै २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं निकाल दिला, की व्हिएन्ना करारातल्या ३६ व्या कलमाचा पाकिस्ताननं भंग केला आहे, शिक्षेचा फेरविचार करावा आणि तोवर फाशी देऊ नये. सुटकेचा आदेश नव्हता. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ६ ऑगस्टला, स्वराजबाई गेल्या.

कधी कधी मात्र कमी बोलणंच शहाणपणाचं असतं, हेही मान्य केलं पाहिजे. कतारमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या नौदलातले आठ निवृत्त लोक पकडले गेले. त्या काळात सरकारची संसदेतली उत्तरं मोजकीच होती, विषय संवेदनशील आहे आणि प्रयत्न चालू आहेत, इतपतच. ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, डिसेंबरमध्ये ती कमी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आठही जण सुटले. सभागृहात जे बोलायचं ते दोह्यातही ऐकू जातं, हे मंत्र्याला विसरून चालत नाही. मात्र काम झाल्यावर हकिगत सांगायला हवी, नाहीतर 'संवेदनशील' हा शब्द सोयीचा होऊन बसतो.

वर्तमानपत्रात येतात ती ही मोठी प्रकरणं. न येणारी किती तरी. २०२५ च्या सुरुवातीला सरकारनं दिलेल्या लेखी उत्तरात परदेशी तुरुंगांतल्या भारतीयांचा आकडा दहा हजारांच्या वर होता, त्यात सौदी अरेबिया आणि अमिरातीत प्रत्येकी अडीच हजारांहून अधिक. अशा उत्तरांत एक ठरलेलं वाक्य असतं: अनेक देशांतल्या कडक गोपनीयतेच्या कायद्यांमुळे कैद्यानं स्वतः संमती दिल्याशिवाय तिथलं सरकार माहिती देत नाही. म्हणजे छापलेला आकडासुद्धा पुरा नाही! पाकिस्तानशी तेवढा २००८ चा करार आहे, दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्यात मच्छीमार असतात, गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेले आपले पालघरकडचेही.

मंत्र्यानं 'माहिती गोळा केली जात आहे' असं उत्तर दिलं तर विषय संपला असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्यावर नजर ठेवायला लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आहे. पण तिला बळ येतं ते कुणीतरी पुन्हा विचारलं तर. गोखल्यांनंतर मालवीयांनी विचारलं, म्हणून गिरमिट गेलं.

आपल्या गोतावळ्यातली निम्मी मुलं बाहेर आहेत, मस्कतपासून न्यू जर्सीपर्यंत. त्यांच्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं. मुलांना तिथल्या वकिलातीत नाव नोंदवायला सांगा. पासपोर्टची प्रत आणि मालकाचा पत्ता घरी ठेवा. परराष्ट्र खात्याचं 'मदद' नावाचं पोर्टल २०१५ पासून आहे, तक्रार तिथे नोंदवता येते. आणि देव न करो, पण कधी वेळ आलीच, तर आपल्या खासदाराला पत्र लिहा. त्यात नाव, गाव, तारीख स्पष्ट लिहा. त्या पत्रातूनच प्रश्न तयार होतो, आणि प्रश्न छापला गेला की त्याखाली उत्तरही छापावं लागतं.