लाल ठिपका, हिरवा ठिपका

टेक्सासमधल्या भाच्यानं परवा फोनवर विचारलं, “मामा, घरातल्या पिस्तुलाला लेसर लावायचाय. लाल घेऊ की हिरवा?”

मी आयुष्यभर पदवीच्या मुलांना हेलियम-निऑन लेसर दाखवला. हातभर काचेची नळी, जाड वायरी, ६३२.८ नॅनोमीटरचा तांबडा किरण. १९८४च्या ‘द टर्मिनेटर’मध्ये श्वार्झनेगरच्या पिस्तुलावर अशीच नळी होती. ती पेटायला सुमारे १०,००० व्होल्ट लागत, म्हणून विजेची पेटी त्याच्या कपड्यांत दडवावी लागली. पडद्यावर सहज दिसणारा तो ठिपका मला म्हणूनच अजून थक्क करतो.

पुढे अर्धवाहक डायोड आले नि सारं यंत्र बोटाच्या पेरात मावलं. भाच्याच्या घरातल्या पिस्तुलाला कायद्याचाही आधार आहे: २००८ मध्ये हेलर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला.

हिरवा लेसर मात्र उशिरा आला. आधी १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य किरण स्फटिकातून नेऊन ५३२चा करत. थंडीत तो मंदावे. नंतर थेट हिरवे डायोड निघाले. उजेडात आपला डोळा ५५५च्या आसपास सर्वांत तल्लख, म्हणून तेवढ्याच शक्तीचा हिरवा जास्त ठळक दिसतो.

“हिरवा घे,” मी म्हणालो, “पण आधी टॉर्च. अंधारात समोर चोर आहे की पाणी प्यायला उठलेली तुझी लेक, हे ठिपका सांगत नाही.” आणि पिस्तूल कुलपात असतं ना, हे मी दोनदा विचारलं.