पूर्णेच्या डोहातील हिवाळी मासेमारी : वाडवडिलांची एक लोपणारी विद्या

कोणत्याही समाजाचा इतिहास केवळ सनदांत व ताम्रपटांतच सापडतो असे नाही. तो त्या समाजाच्या हातांतील साधनांत आणि नित्याच्या बोलण्यातील शब्दांतही साठविलेला असतो. आपल्या भोई समाजाचा इतिहास पालखीच्या दांडीवर आणि जाळ्याच्या दोरीवर लिहिला गेला आहे. त्यांपैकी पालखी इतिहासजमा झाली. जाळे अद्याप हाती आहे. परंतु जाळे टाकण्यापूर्वी मासा कोठे असेल, हे ओळखण्याची जी विद्या वाडवडिलांपाशी होती, ती मात्र आपल्या डोळ्यांदेखत लोपत चालली आहे. तिची अल्पशी नोंद व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात उगम पावणारी पूर्णा नदी आपल्या चांदूर बाजार तालुक्यातून वाहते व पुढे वऱ्हाडची काळी जमीन ओलांडून चांगदेव येथे तापीस मिळते. आसेगाव पूर्णा या गावाने तर नदीचेच नाव धारण केले आहे. ब्राह्मणवाडा थडी या नावातील ‘थडी’ म्हणजे काठ. जेथे नदी, तेथे डोह. आणि जेथे डोह, तेथे आपल्या समाजाची चार घरे, असा हा जुना संबंध आहे.

मत्स्यविद्या ही अडाण्यांची विद्या होय, असा समज काही सुशिक्षितांत आढळतो. तो निराधार आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य व गळाची रीत यांचे वर्णन आहे. पुढे रसेल व रायबहादुर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात धीवर, कहार, भोई यांची एकत्र नोंद करून मासेमारी व पालखी वाहणे हे त्यांचे व्यवसाय सांगितले आहेत. बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला; पुढे सडका झाल्या, मोटारी आल्या आणि पालखीचा धंदा बसला. तेव्हा खांदा मोकळा झालेल्या पुष्कळ कुटुंबांना पाण्याचाच आधार उरला.

आता हिवाळ्याविषयी. पावसाळ्यात नदी गढूळ व धावती असते, उन्हाळ्यात ती आटते. मार्गशीर्ष-पौषात मात्र पाणी स्थिर व नितळ होते. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गारठले की त्याचे पचन मंदावते, भूक कमी होते व हालचाल संथ होते. म्हणून आमचे आजोबा म्हणत, “थंडीत मासा गळाला शोधत येत नाही; आपणच त्याच्या घरी गेले पाहिजे.” आणि त्याचे घर त्यांस ठाऊक असे. पहाटे पाण्यावर वाफ तरंगत असताना मासा खोल डोहाच्या तळाशी दबून असतो. ऊन चढले की तो उथळ, उन्हाच्या बाजूस सरकतो. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात, तर कटला वरच्या थरात. चिखलातून उठणारी बुडबुड्यांची माळ तळाशी चरणाऱ्या माशाचा पत्ता देते. मरळीस मात्र वरची हवा घ्यावीच लागते. ती क्षणभर तोंड वर काढते व पाण्यावर एक वलय उमटते. ते वलय ज्याने हेरले, त्यालाच मरळ लाभली!

लहानपणी आजोबांबरोबर शेकोटीजवळ बसून मी हे पाहिले आहे. नितळ पाण्यात माशाला जाळे दिसते, म्हणून ते अंधार असतानाच पाण्यात उतरत. ओढजाळ्याची दोन टोके दोघांनी धरून डोहाला सावकाश वेढा घालावयाचा. बोलावयाचे नाही, पाणी खळबळवावयाचे नाही. गारठ्याने पायांस मुंग्या येत. बर्फाची सोय नव्हती. परंतु थंडीत मासा लवकर नासत नसे, त्यामुळे तो दूरच्या बाजारापर्यंत नेता येई. जाळ्यातील बोटभर पिले ते पुन्हा पाण्यात सोडीत. “आषाढातल्या पुराची ही बियाणे आहेत,” असे ते सांगत. पाण्यात सुरुंग उडविणे वा विष कालविणे यांस सरकारने १८९७ च्या कायद्याने बंदी केली. परंतु आपल्या वडीलधाऱ्यांस तो नियम कायद्यावाचूनच ठाऊक होता.

पुढे काळ पालटला. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. पूर्वी नदीतून गोळा करावे लागणारे बीज त्यामुळे केंद्रांत तयार होऊ लागले. विश्रोळी येथे पूर्णेवर धरण झाले. विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला, ही इष्टापत्तीच होय. परंतु नदीची धार अडली व खालचे कित्येक डोह पूर्वीसारखे राहिले नाहीत. आता बीज विकत आणून सोडावयाचे, ठेक्याची रक्कम भरावयाची आणि पीक काढावयाचे, असा हिशेब झाला. या हिशेबात पाणी ओळखणाऱ्यापेक्षा कागद ओळखणारा पुढे जातो, हे कटू सत्य आहे. ज्यांच्या आजोबांनी डोहांची खोली पायांनी मोजली, त्यांची मुले आज दुसऱ्याच्या ठेक्यावर मजुरीने जाळे ओढताना मी पाहिली आहेत.

यावर उपाय रडगाण्यात नाही. सहकारी संस्थेचे सभासद होऊन तिचे दप्तर आपण स्वतः वाचावे, सभेत प्रश्न विचारावेत. नागपूर येथे मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय आहे. आपल्या मुलामुलींनी तेथपर्यंत मजल मारावी. तथापि तेथे जाण्यापूर्वी त्यांनी एक पौषातली पहाट घरच्या वृद्धांसमवेत पाण्याकाठी काढावी, त्यांच्या तोंडचे माशांचे, जाळ्यांचे व डोहांचे शब्द वहीत उतरून घ्यावेत. पुस्तकातील ज्ञान पुन्हा मिळेल. ही माणसे पुन्हा मिळणार नाहीत. माझ्या आजोबांपाशी असलेले कितीतरी शब्द मी शिक्षक असूनही त्या वेळी लिहून ठेवले नाहीत, याची खंत मला आज वाटते. ती खंत पुढील पिढीच्या वाट्यास येऊ नये, हीच समाजबांधवांना नम्र विनंती.